टेपरवर घट्ट बसलेलं फ्लायव्हील क्रँक न बिघडवता कसं काढावं

पॉवर वीडर, पाण्याचा छोटा पंप, फवारणीचं इंजिन किंवा घरगुती जनरेटर यांवर साधारण ५ ते ७ एचपीचं एक सिलेंडरचं पेट्रोल इंजिन असतं. होंडा जीएक्स १६० हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं, आणि बाजारात १६८एफ, १७०एफ अशा नावांनी मिळणारी इंजिनं त्याच धर्तीची. या इंजिनांत मधला नट सुटतो, पण फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) टोकावर बसलेलं जड चाक, तसूभरही हलत नाही. मग हातोडा निघतो, मागून पहार घातली जाते आणि पाच मिनिटांत क्रँकचे आटे बसतात, नाहीतर केसिंगला तडा जातो.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनाशी पक्की करा. फ्लायव्हील हा बाहेरून बदलता येणारा भाग आहे. क्रँक बदलायचा तर अख्खं इंजिन उघडावं लागतं, आणि खर्च कधीकधी नव्या इंजिनाच्या जवळ जातो. दोघांपैकी एकाचा बळी द्यायची वेळ आलीच, तर तो फ्लायव्हीलचा द्या. पुढची प्रत्येक पायरी याच हिशेबाने सांगितली आहे.

आधी बघा, काढायची गरज आहे का

स्पार्क येत नाही म्हणून फ्लायव्हील काढायला घेतात, ते या इंजिनांत बहुतेक वेळा फुकट जातं. जीएक्स १६० आणि तिच्या जातभाईंची इग्निशन कॉइल फ्लायव्हीलच्या बाहेर, कडेला बसलेली असते. फॅन कव्हर काढलं की दोन बोल्टांवर ती हातात येते. फ्लायव्हील काढावं लागतं ते तीन-चार कारणांसाठीच: त्या बाजूच्या ऑइल सीलमधून तेल येतंय, क्रँक आणि फ्लायव्हील यांच्यामधली छोटी धातूची चावी कापली गेल्याची शंका आहे, मागे चार्जिंग कॉइल असून ती बदलायची आहे, किंवा बेअरिंग आवाज करतंय.

इंजिनच फिरत नसेल, तर ते वेगळं दुखणं. पावसाळाभर शेडमध्ये पडून राहिलेल्या इंजिनात फ्लायव्हीलचं मॅग्नेट आणि कॉइलचे पाय गंजाने एकमेकांना चिकटतात, किंवा कुंभारमाशी फॅनमध्ये मातीचं घर करते. कॉइल सोडवून आणि फॅन साफ करून पुन्हा फिरवून बघा.

ते अडकतं कशामुळे

क्रँकचं टोक निमुळतं असतं, फ्लायव्हीलच्या भोकालाही तसाच निमुळतेपणा दिलेला असतो. याला टेपर म्हणतात. नट आवळला की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांत दाबून बसतात, आणि सगळं बळ त्या घर्षणावर पेललं जातं. बाजूची छोटी अर्धचंद्र चावी बळ पेलायला नसते, ती फक्त फ्लायव्हील योग्य जागी बसावं म्हणून असते. म्हणजे नट काढल्यावरही फ्लायव्हील न हलणं हा बिघाड नव्हे, टेपर नीट बसल्याची ती खूण आहे.

अडचण वाढते ती गंजाने. फॅन सतत बाहेरची दमट हवा आत ओढतो. कोकणात आणि गोव्यात तर खारी हवा. ओल नटाच्या बाजूने टेपरमध्ये शिरते. दुसरं कारण म्हणजे कोणीतरी इम्पॅक्ट गनने नट बेसुमार आवळलेला असतो. तिसरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे नट ढिला राहून इंजिन चाललेलं असतं. अशा वेळी दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासून धातूचे कण ओरबाडले जातात आणि जागच्या जागी चिकटतात. असं फ्लायव्हील नुसत्या तेलाला दाद देत नाही.

तयारी

पेट्रोलचा कॉक बंद करा, टाकी रिकामी करा, कार्बोरेटरच्या खालच्या वाटीचा बोल्ट सोडून तिथलंही पेट्रोल काढून टाका. प्लगची कॅप काढून दूर ठेवा. पुढे उष्णता वापरण्याची वेळ येऊ शकते, म्हणून हे आत्ताच करायचं. इंजिन आडवं करणार असाल तर ऑइलही काढून घ्या.

रिकॉइल स्टार्टर, म्हणजे दोरीचा डबा, तीन छोट्या बोल्टांवर असतो. त्यांना १० नंबरचा पाना लागतो. मग फॅन कव्हर. काही इंजिनांत टाकी आडवी येते, ती उतरवा. कव्हरवरच्या ऑन-ऑफ स्विचची वायर ओढून तोडू नका, जोड सोडवा. त्यानंतर इग्निशन कॉइल पूर्ण काढून बाजूला ठेवा. ही पायरी बरेच जण गाळतात आणि पुलरचा (फ्लायव्हील ओढून काढायच्या अवजाराचा) पाय नेमका कॉइलवर घसरतो.

नट

जीएक्स १६० ला नट १४ मि.मी. आट्याचा आहे, त्याला १९ नंबरचा सॉकेट लागतो. आटे सरळ आहेत, म्हणजे फ्लायव्हीलसमोर उभं राहून घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो.

इम्पॅक्ट गन असेल तर दोन-तीन झटक्यांत काम होतं, फ्लायव्हील धरून ठेवायचीही गरज पडत नाही. गन नसेल तर पट्ट्याचा पाना फ्लायव्हीलच्या कडेला गुंडाळून धरा. फॅनच्या पात्यांत स्क्रू ड्रायव्हर अडकवू नका. जीएक्सचा फॅन प्लास्टिकचा असतो, पातं तुटतं, आणि एक पातं कमी झालेला फॅन इंजिन गरमही करतो, थरथरवतोही.

पट्ट्याचा पाना नसेल तर दोरीची युक्ती चांगली आहे, पण ती नीट समजून करा. प्लग काढा. अंगठा भोकावर ठेवून इंजिन चालतं त्या दिशेने, फ्लायव्हीलकडून बघताना घड्याळाच्या दिशेने, हळू फिरवा. हवेचा दाब अंगठ्याला जाणवला की पिस्टन कॉम्प्रेशनवर येतोय. प्लगच्या भोकातून पेन्सिल घालून बघा, पिस्टन अगदी वर येऊन परत थोडा उतरला पाहिजे. वरच्या टोकानंतर साधारण पाव फेरा, त्याहून जास्त नाही. या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. आता ८ मि.मी.ची नायलॉनची दोरी भोकातून जाईल तेवढी आत सारा, टोक बाहेर राहू द्या. नट उलट्या दिशेने सोडताना पिस्टन पुन्हा वर येतो, दोरीवर टेकतो आणि क्रँक अडतो. चुकीच्या स्ट्रोकवर दोरी घातली तर ती उघड्या व्हॉल्व्हवर दाबली जाऊन व्हॉल्व्ह वाकतो. सुतळी किंवा काथ्या वापरू नका, त्याचे धागे आत राहतात.

नट सुटला की मागची कपासारखी पुली आणि फॅन निघतात. फॅनच्या मागच्या खुंट्या फ्लायव्हीलच्या कोणत्या भोकांत होत्या, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुन्हा बसवताना खुंट्या भोकात न बसवता नट आवळला की फॅन फुटतो.

तेल मुरवणं

नट निघाल्यावर टेपरपर्यंत जायला तेलाला एकच मोकळी वाट असते, ती म्हणजे चावीची खाच. ही खाच टेपरच्या लांबीभर जाते. फ्लायव्हील फिरवून खाच वरच्या बाजूला आणा आणि तिथेच तेल थेंबाथेंबाने सोडा. इंजिन चौकटीतून सुटत असेल तर ते फ्लायव्हील वर येईल असं आडवं ठेवा, म्हणजे तेल आपोआप खाली मुरतं. गंज सोडवणारा डब्ल्यूडी-४० सारखा स्प्रे चालतो. ऑटोमॅटिक गिअरचं तेल (एटीएफ) आणि ॲसिटोन निम्मे-निम्मे मिसळून केलेलं मिश्रण गंजात आणखी चांगलं शिरतं. मात्र ॲसिटोन पेट्रोलइतकंच पेट घेतं आणि प्लास्टिक, रंग खातं, म्हणून काही थेंबच वापरा आणि जवळ विडी-काडी नको.

एक रात्र जाऊ द्या. संध्याकाळी तेल, सकाळी आणखी थोडं, मग पुलर. गंजलेल्या टेपरवर तेल टाकून अर्ध्या तासात पुलर लावणाऱ्याने तेल टाकलं काय आणि न टाकलं काय, फारसा फरक पडत नाही.

पुलर

खरं काम इथे आहे. होंडाचीही पद्धत पुलरचीच आहे.

फ्लायव्हीलचा व्यास आधी मोजा आणि त्यापेक्षा मोठा उघडणारा तीन पायांचा पुलर घ्या. दोन पायांचा घेतला तर ओढ तिरकी जाते. जीएक्सचं फ्लायव्हील बिडाचं आहे, त्यामुळे कडेला मागून पाय लावता येतात. पण मॅग्नेट जिथे बसवलंय तो भाग सोडून लावा, आणि सेल्फ स्टार्ट असेल तर कडेच्या दातांवर पाय टेकवू नका. तिन्ही पायांची लांबी आणि पकड सारखी आहे का, हे बाजूने वाकून बघा. पुलरचा मधला बोल्ट क्रँकच्या रेषेत नसेल तर सगळा जोर वाया जातो.

नट पुन्हा क्रँकवर चढवा, पण पूर्ण नाही. त्याची बाहेरची कड क्रँकच्या टोकाशी सपाट आली पाहिजे आणि नट व फ्लायव्हील यांच्यात दोन-तीन मि.मी. फट राहिली पाहिजे. याने दोन गोष्टी साधतात. पहिले आटे पसरत नाहीत, आणि फ्लायव्हील सुटताना उडून पायावर येत नाही. पुलरच्या बोल्टाला आट्यांवर ग्रीस लावा, टोक क्रँकच्या मधल्या खळग्यात बसवा.

आता आवळा. हातभर पान्याने, हाताच्या जोराने, जेवढा आवळला जातो तेवढाच. पान्यावर पाइप चढवण्याची इच्छा होईल, ती टाळा. ताण बसला की पुलरच्या बोल्टाच्या डोक्यावर, अगदी सरळ रेषेत, अर्धा ते एक किलोच्या हातोडीचा एकच नेमका ठोका द्या. थांबा. बोल्टाला थोडी ढिलाई आली असेल तर आणखी आठवा भाग फेरा आवळा, पुन्हा एक ठोका. टेपर सुटतो तो ताण आणि धक्का एकत्र आले की. नुसता ताण वाढवत नेला तर कड तुटते, नुसते ठोके मारत राहिलं तर बेअरिंग जातं. या इंजिनात क्रँक बॉल बेअरिंगवर फिरतो, आणि प्रत्येक ठोक्याचा मार गोळ्यांमधून केसिंगमध्ये जातो. जोरात आणि वारंवार मारलं तर गोळ्यांच्या वाटेवर खळगे पडतात आणि मग इंजिन कायमचं घुंई-घुंई करतं.

कान ठोक्याकडे ठेवा. घट्ट बसलेल्या फ्लायव्हीलचा आवाज भरीव येतो. सुटण्याच्या बेतात आलं की आवाज बदलतो, आणि सुटतं तेव्हा कोरडा, मोठा 'टक्क' होतो. तो ऐकून दचकायचं कारण नाही, काही तुटलेलं नसतं. मात्र पुलरच्या समोर तोंड ठेवून उभं राहू नका, बाजूला राहा, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

सात-आठ ठोक्यांनी काही झालं नाही तर ताण तसाच ठेवून थांबा. चावीच्या खाचेत पुन्हा तेल सोडा आणि रात्रभर ठेवा. पुष्कळ फ्लायव्हीलं रात्रीतून कोणीही हात न लावता सुटलेली सकाळी सापडतात.

हबला आट्यांची भोकं असतील तर

काही इंजिनांच्या फ्लायव्हीलच्या मधल्या भागात समोरासमोर दोन आटेवाली भोकं असतात. ग्रास कटरच्या बऱ्याच टू-स्ट्रोक इंजिनांत क्लचचे बोल्ट जिथे बसतात, तीच ही भोकं. हा प्रकार मिळाला तर पायांच्या पुलरचा विचारही करू नका, कारण त्यांचं फ्लायव्हील ॲल्युमिनियमचं असतं आणि पंख लगेच मोडतात.

पुलर घरचाच करता येतो. कुठल्याही वेल्डिंगवाल्याकडून ४० बाय १० मि.मी.ची लोखंडी पट्टी सुमारे १०० मि.मी. लांब कापून घ्या. दोन टोकांना फ्लायव्हीलच्या भोकांच्या अंतरावर आरपार भोकं, आणि मधोमध एका जाड बोल्टासाठी आटे. बोल्ट ८.८ खुणेचे हाय टेन्साइल घ्या, साधे बोल्ट ओढताना लांबतात. ॲल्युमिनियममध्ये बोल्ट निदान त्याच्या जाडीच्या दीडपट खोल गेला पाहिजे, नाहीतर आटेच बाहेर येतात. पण फार लांब गेला तर मागची कॉइल किंवा केसिंग टोचतो, म्हणून आधी खोली काडीने मोजा. दोन्ही बाजू सारख्या खोल, पट्टी फ्लायव्हीलला समांतर, आणि मग वर सांगितलं तसंच: ताण, एक ठोका, थोडा विसावा.

हबच्या मध्यभागीच मोठे आटे असतील, तर ते दुचाकीसारखं प्रकरण आहे. स्पेअर पार्टच्या दुकानात 'मॅग्नेट पुलर' मागा. आट्याचा व्यास, दोन आट्यांमधलं अंतर आणि आटे सरळ की उलटे, या तिन्ही गोष्टी मोजून जा. मिळतंजुळतं नको, तंतोतंत हवं.

उष्णता

पुलरने दाद दिली नाही तरच. पुलर ताणलेला असताना फक्त मधल्या हबला हीट गनने चहूबाजूंनी दीड-दोन मिनिटं गरम करा. पाण्याचा थेंब टाकल्यावर चुरचुरून उडाला की पुरे, त्यापुढे जाऊ नका. मागेच रबराचं ऑइल सील आहे. सीलही बदलायचंच असेल तर फिकीर कमी, पण मॅग्नेट जास्त उष्णतेने कमजोर होतं आणि ते परत येत नाही. कडेला, मॅग्नेटजवळ, हीट गन नेऊच नका. फॅनचं प्लास्टिक आधीच काढलेलं असलं पाहिजे.

किती फरक पडतो? २० मि.मी.च्या आसपासचं भोक आणि ८० अंशांची वाढ धरली, तर बिडाचं भोक पावणेदोन शतांश मि.मी.ने मोठं होतं. ऐकायला नगण्य वाटतं, पण टेपरची पकडही तेवढ्यावरच असते. क्रँकही हळूहळू गरम होऊन फुगतो, म्हणून उष्णता पटकन द्यायची आणि लगेच ठोका द्यायचा. रेंगाळत गरम केलं तर दोन्ही सारखेच फुगतात आणि हाती काही लागत नाही.

गॅसची ज्योत वापरायची नाही. टाकी रिकामी असली तरी तिच्यात वाफ असते.

पहारीची पद्धत

गावोगावी चालते ती ही: मागून समोरासमोर दोन टायर लिव्हर घालून ओढ द्यायची आणि नटावर पितळी गज ठेवून हातोडा मारायचा. नटाशिवाय थेट क्रँकवर पोलादी हातोडा मारणं तर कधीच नको. पुलर खरोखर मिळत नसेल आणि फ्लायव्हील फार घट्ट नसेल, तर लिव्हरच्या खाली केसिंगवर जाड पोलादी पट्टी टेकवा, नुसत्या ॲल्युमिनियमवर टेका घेऊ नका, आणि दोन्ही लिव्हर सारख्या जोराने दाबा. एकाच बाजूने उचकटलं तर टेपर आणखी रुततो. गंजलेल्या किंवा ओरबाडलेल्या टेपरसाठी ही पद्धत मला मान्य नाही. तिथे पुलरची वाट बघा.

आणि सगळं करूनही हललं नाही, तर लेथवाल्याकडे जा. तो हबमध्ये समोरासमोर, सारख्या खोलीची दोन भोकं पाडून आटे काढून देईल आणि पट्टीचा पुलर लागेल. भोकं समोरासमोर असली की तोल बिघडत नाही. तेही जमलं नाही तर हब चावीच्या खाचेवरून कापून फ्लायव्हील फेकून द्यायचं. नवं फ्लायव्हील स्वस्त पडतं.

निघाल्यावर

फ्लायव्हील स्वच्छ लाकडी फळीवर ठेवा. मॅग्नेट लोखंडाचा भुसा ओढतं, आणि तो भुसा पुढे कॉइलवर घासतो. खाली पडू देऊ नका.

चावी उजेडात धरून बाजूने बघा. मधोमध पायरी पडलेली दिसली, अगदी नखाला जाणवेल इतकी, तरी बदला. दगडावर पातं अडून इंजिन झटक्यात थांबलं की फ्लायव्हील जोरात पुढे सरकतं आणि चावी कातरली जाते. टेपरजवळ १० मि.मी. त्रिज्येवर चावी १ मि.मी. सरकली तर टायमिंग, म्हणजे स्पार्क पडायची वेळ, जवळजवळ ६ अंश पुढे जातं. मग दोरी ओढताना हाताला उलटा हिसका बसतो, कार्बोरेटरमधून फट्-फट् आवाज येतो, स्पार्क असूनही इंजिन लागत नाही. नवी चावी त्या इंजिनाचीच आणा. खिळा घासून किंवा ड्रिलचा तुकडा कापून घातलेली चावी पुढच्या धक्क्याला क्रँकची खाच फाडते.

टेपरचे दोन्ही भाग पेट्रोलच्या फडक्याने पुसा, गंज बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढा. ओरखडे असतील तर व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट लावून, चावी न घालता, फ्लायव्हील पाव-पाव फेरा पुढेमागे फिरवत घासा, मधूनमधून उचलून जागा बदला. पेस्टचा कण सीलमध्ये जाऊ नये म्हणून सीलभोवती ग्रीसचं फडकं गुंडाळा. मग मार्करने क्रँकच्या टेपरवर रेघा मारून फ्लायव्हील दाबून फिरवा. निदान तीन चतुर्थांश भागावरची शाई पुसली गेली तर बैठक चांगली. मोठ्या टोकाला पुसली आणि लहान टोकाला राहिली, तर अजून घासा. खोल चरे असतील तर घासून भागत नाही, भाग बदलावा लागतो.

बसवताना टेपर पूर्ण कोरडा हवा. इतके कष्ट पडले म्हणून पुढच्या वेळी सोपं जावं, या विचाराने ग्रीस किंवा ऑइल लावायचा मोह होतो. लावू नका. तेलकट टेपर चालताना घसरतो, चावी कापतो, शिवाय नट आवळताना हब गरजेपेक्षा खोल जाऊन तडकू शकतो.

चावी खाचेत सपाट बसवा, फ्लायव्हील चढवा, फॅन आणि पुली त्यांच्या जागेवर. जीएक्स १६० चा नट ७५ न्यूटन-मीटरवर आवळायचा. टॉर्क पाना नसेल तर ५० सें.मी. दांड्याच्या टोकाला १५ किलोचा भार म्हणजे जवळपास तेवढंच. इम्पॅक्ट गनने आवळू नका. दोरीने पिस्टन अडवणार असाल तर आता दिशा उलटी आहे: कॉम्प्रेशनवर पिस्टन वर पोहोचण्याआधी दोरी घाला.

शेवटी कॉइल. मॅग्नेटपासून अंतर ०.४ मि.मी., ०.२ ते ०.६ पर्यंत चालतं. फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) मध्ये धरून मॅग्नेट कॉइलसमोर आणा, मॅग्नेट कॉइलला ओढून घेईल, तसंच धरून दोन्ही बोल्ट आवळा. गेज काढून फ्लायव्हील हाताने दोन फेरे फिरवा. कुठेही घासल्याचा आवाज येता कामा नये. कव्हर चढवण्यापूर्वी आत पाना, फडकं, प्लगमधली दोरी राहिलेली नाही हे बघून घ्या.